सदोमचा धडा मी १७ वर्षं चुकीचा शिकवत आले का?

रविवारच्या वर्गातली ताई

जय ख्रिस्त. इथं पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मी आमच्या मंडळीत १७ वर्षं संडेस्कूल घेते. मुलं १० ते १३ वयाची. बायबलमधल्या उत्पत्तीचा १९ वा अध्याय, म्हणजे देवानं आगीनं नाश केलेल्या सदोम गावाची गोष्ट, दर तीन वर्षांनी येतो आणि दर वेळी तो मीच घेते. पद्धत ठरलेली आहे. मोठ्या कागदावर दोन चित्रं: एक आकाशातून पडणाऱ्या आगीचं, दुसरं मिठाचा खांब झालेल्या लोटाच्या बायकोचं. मुलांना तो खांब फार आवडतो. शेवटी पाप कोणतं ते एका वाक्यात सांगायचं, प्रार्थना करायची, वर्ग सुटला.

माझा मुलगा आता २४ वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यानं मला सांगितलं की तो गे आहे. मी रडले नाही, ओरडलेही नाही. सुचलंच नाही काही. एवढंच विचारलं, "तुला कधी कळलं?" तो म्हणाला, "अकराव्या वर्षी. त्याच वर्षी तू सदोम शिकवलास. मी दुसऱ्या ओळीत बसलो होतो."

त्या रात्री मी जुन्या वह्या काढल्या. धड्याची टिपणं मी जपून ठेवते. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: "सदोमचं पाप म्हणजे पुरुषांनी पुरुषांबरोबर. देवाला सगळ्यात किळस येणारं पाप. म्हणून आग." त्याखाली लाल शाईत: "मुलांना जास्त प्रश्न विचारू देऊ नयेत."

मग तो अध्याय मी पहिल्या ओळीपासून वाचला. धडा घ्यायचा म्हणून नाही, नुसता वाचला. दोन परके संध्याकाळी गावात येतात. तिथं राहणारा लोट त्यांना आग्रहानं घरी नेतो. रात्री गावातले तरुण-म्हातारे सगळे पुरुष घराला वेढा घालतात आणि पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात. हा जबरदस्तीचा बेत आहे, सगळ्या गावानं मिळून दोन परक्यांवर करायचा. आणि लोट काय करतो? माझ्या दोन मुली घ्या, त्यांचं काय करायचं ते करा, म्हणतो. ही ओळ मी १७ वर्षांत एकदाही मुलांसमोर वाचली नाही. बोट ठेवून पुढं जायचे.

बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकात, १९ व्या अध्यायात, जवळजवळ हीच गोष्ट पुन्हा येते. गाव गिबा. तिथं पाहुण्याऐवजी त्याची उपपत्नी बाहेर ढकलली जाते, रात्रभर तिच्यावर अत्याचार होतात आणि सकाळी ती उंबरठ्यावर हात टाकून पडलेली सापडते. त्या अध्यायावरून "पुरुषांनी स्त्रियांबरोबर जाऊ नये" असा धडा आजवर कुणी घेतलाय का? मग सदोमवरून आपण तसा धडा कसा काढला?

आणि यहेज्केल १६:४९. तिथं देव स्वतः सांगतो की सदोमचा अपराध कोणता: गर्व, पोटभर अन्न, निश्चिंत सुख, आणि एवढं असून दीनदुबळ्यांना हात न देणं. हे वचन माझ्या बायबलमध्ये आधीपासून होतं. मीच तिथवर पोचले नव्हते.

आमच्या पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, शास्त्र स्पष्ट आहे, यात विचारण्यासारखं काही नाही." प्रार्थना केली आणि मला वाटेला लावलं. वाईट वाटलं, पण काही वर्षांपूर्वी मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच बोलले असते.

म्हणून इथं विचारतेय. मला बरं वाटावं म्हणून गोड उत्तर देऊ नका. लेकराच्या मायेपोटी मी वचन वाकवतेय का, याची मला भीती आहे. आणि इतकी वर्षं भीतीपोटी मी ते वाकवलं होतं का, याचीही आहे. शास्त्रात नक्की काय लिहिलंय?

---

नवा वाचक

ताई, यहेज्केलचं पुढचं वचनही वाचा. १६:५० मध्ये "अमंगळ कृत्यं" आहेत. आणि यहूदाचं पत्र, ७ वं वचन: सदोमचे लोक "परक्या देहामागं" लागले. म्हणजे फक्त पाहुणचाराचं पाप होतं असंही म्हणता येणार नाही.

---

ग्रीक शिकवणारे काका

भगिनी, सलाम. मी पाळक होतो, नंतर बरीच वर्षं सेमिनरीत नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची, ग्रीक शिकवली. आता निवृत्त आहे. तुम्ही गोड उत्तर नको म्हणालात, तेव्हा तसं देणार नाही.

आधी वरच्या "नवा वाचक" यांचं. त्यानं बरोबर जागा दाखवल्या. पण यहूदाच्या पत्रात मूळ शब्द "सार्कोस हेतेरास" असे आहेत, म्हणजे "वेगळा देह". "हेतेरोस" म्हणजे दुसऱ्या जातीचं, वेगळं. त्याच्या आधीच्याच वचनात आपली जागा सोडून गेलेल्या देवदूतांचा विषय आहे, आणि लोटाकडं आलेले पाहुणे देवदूतच होते. म्हणून पुष्कळ अभ्यासक इथं माणसांनी देवदूतांच्या देहाची वासना धरल्याचं वाचतात. सदोमची गोष्ट सामूहिक बलात्काराच्या प्रयत्नाची आहे, यावर आज परंपरावादी अभ्यासकांतलेही बरेच जण मान हलवतील. तेव्हा दोन माणसांनी एकमेकांवर प्रेम करावं की नाही, हा प्रश्न तुमच्या त्या धड्यानं सुटत नाही. वहीतलं ते वाक्य चुकीचं होतं, असं मी स्पष्ट म्हणतो.

पण सदोम बाजूला ठेवलं तरी प्रश्न शिल्लक राहतो. लेवीय १८:२२ आणि २०:१३ आहेत. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आहे, १ करिंथ ६:९ आहे, १ तीमथ्य १:१० आहे.

पुरुषानं पुरुषाबरोबर निजू नये ही लेवीयमधली मनाई सरळ आहे. त्याच पुस्तकात शिंपल्यातले जलचर खाण्याला आणि दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालण्यालाही मनाई आहे, हे लोक लगेच पुढं करतात. पण तेवढ्यानं सुटका होत नाही, कारण १८ व्या अध्यायात आईबहिणीशी संबंधाचीही मनाई आहे आणि ती आपण पाळतोच. कोणता नियम मोशेच्या करारापुरता आणि कोणता सदाकाळचा, हे नुसत्या पुस्तकाच्या नावावरून ठरत नाही.

आता करिंथ, कारण माझं आयुष्य याच शब्दांत गेलं. ही पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो प्रेषित पौल तिथं दोन शब्द वापरतो. पहिला "मालाकोई". शब्दशः "मऊ". मत्तय ११:८ मध्ये येशू योहानाबद्दल बोलताना मऊ वस्त्रं म्हणतो, तिथं हाच शब्द आहे. पुरुषाला लावला की अर्थ पसरतो: ऐषारामी, दुबळा, संबंधात निष्क्रिय बाजू घेणारा. दुसरा "आर्सेनोकोइताई". "आर्सेन" म्हणजे पुरुष, "कोइते" म्हणजे शय्या. पौलाच्या आधी हा शब्द कुठंच सापडत नाही. काही जण म्हणतात, शब्द इतका दुर्मीळ आहे की अर्थ लावताच येत नाही. मी विद्यार्थ्यांना असं कधी सांगितलं नाही. लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात "आर्सेनोस" आणि "कोइतेन" हे दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत. पौल तेच भाषांतर वाचत वाढला होता. शब्द तिथूनच घडला असणार, हे मला पटतं.

मग पौलानं हा शब्द लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोण होतं? त्या जगात दिसणारे बहुतेक संबंध मालक आणि गुलाम, प्रौढ आणि किशोर, गिऱ्हाईक आणि विकला गेलेला मुलगा, असे होते. मार्टिन लूथरनं जर्मनमध्ये या शब्दाला मुलांना नासवणारे अशा अर्थाचा शब्द ठेवला, तो उगीच नाही. मात्र रोम १:२७ मध्ये पौल एकमेकांविषयीच्या वासनेबद्दल बोलतो, म्हणजे फक्त शोषणाबद्दल नाही, आणि हे विसरून चालणार नाही. स्त्रियांचा उल्लेखही अख्ख्या शास्त्रात तिथंच एकदा आहे.

एक गोष्ट तुमच्या वर्गासाठी महत्त्वाची आहे. इंग्रजी बायबलमध्ये "होमोसेक्शुअल" हा शब्द प्रथम १९४६ साली आला, रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनच्या नव्या करारात, या दोन ग्रीक शब्दांना मिळून एकच म्हणून. १९७१ च्या आवृत्तीत तो त्याच भाषांतरातून काढला गेला. मुळात तो शब्दच १८६९ साली जर्मनमध्ये छापला गेला. तो एका प्रकारच्या माणसाचं नाव आहे, पौलाचा शब्द एका कृत्याचा आहे. "असं कृत्य करणारे" आणि "असे असलेले" यांत फार अंतर आहे. तुमचा मुलगा अकरा वर्षांचा होता, ताई. त्यानं काहीच केलं नव्हतं. तरी ती आग आपल्यासाठी आहे असं त्याला वाटलं.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचताना २:१ च्या आधी थांबू नका, तिथवर पोचाच. पौल आधी यादी देतो. त्यात लोभ आहे, मत्सर आहे, चहाड्या आहेत, आईबापांची अवज्ञा आहे. ऐकणारा मान डोलवत असतो, आणि पुढच्याच ओळीत पौल त्याच्याकडं वळतो: दुसऱ्याचा न्याय करणाऱ्या माणसा, तुला सबब उरली नाही. पहिला अध्याय तोडून घेतला की त्याचा रोख उलटा होतो.

माझा स्वतःचा निर्णय विचाराल तर, मजकूर नकारार्थी आहे असं मी मानतो. तो आजच्या दोन विश्वासू जोडीदारांना तसाच लागू होतो का, यावर माझं मन वयाच्या साठीनंतर डळमळलं. रिचर्ड हेज नावाचे नव्या कराराचे मोठे अभ्यासक होते. १९९६ मध्ये त्यांनी परंपरेच्या बाजूनं लिहिलं आणि ते जगभर आधार म्हणून वापरलं गेलं. २०२४ मध्ये त्यांनी मुलाबरोबर, तोही जुन्या कराराचा अभ्यासक, नवं पुस्तक लिहून आपला निष्कर्ष बदलला. वचनांचा अर्थ बदलला असं ते म्हणाले नाहीत. देवाची दया शास्त्रातच पुन्हा पुन्हा रुंदावत जाते, असं म्हणाले. बापलेकांनी एकत्र बसून ते लिहिलं, याचं मला फार वाटतं.

---

मार्थाची बहीण

काकांचा आदर ठेवून लिहिते. मी कॅथोलिक आहे आणि परंपरेच्या बाजूची आहे.

मत्तय १९ मध्ये घटस्फोटाबद्दल विचारल्यावर येशू थेट उत्पत्तीकडं जातो: नर आणि नारी, दोघं एकदेह. "येशू या विषयावर काहीच बोलला नाही" हे मला म्हणूनच अर्धवट वाटतं. लग्न काय आहे हे तो बोलला. आणि दया रुंदावते म्हणून प्रेषितांची कृत्ये १५ चा दाखला देतात, की प्रेषितांच्या सभेनं परराष्ट्रीयांना सुंतेशिवाय मंडळीत घेतलं. खरं आहे. पण त्याच सभेनं त्यांना जारकर्मापासून दूर राहायलाही सांगितलं. दार उघडलं तरी घरातले नियम सगळेच गेले नाहीत.

आमचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ कृत्याला चूक म्हणतो. तोच ग्रंथ अशा व्यक्तींना आदरानं, करुणेनं आणि संवेदनशीलतेनं स्वीकारा म्हणतो आणि अन्याय्य भेदभाव टाळा म्हणतो. हे दोन्ही एकाच पानाच्या आसपास आहे. पहिलं वाक्य आम्ही पाठ केलं, दुसरं कुणी शिकवलंच नाही. याची मला लाज वाटते.

आणि ताई, माझ्या बाजूच्या लोकांना एक विचारावंसं वाटतं. आपण या मुलांना आयुष्यभर ब्रह्मचारी राहा म्हणतो. मग ते आजारी पडले की रात्री त्यांच्या उशाशी कोण बसतं? सणाला त्यांचं पान कुणाच्या घरी असतं? गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं आहे, ओझं लादून निघून जा असं नाही. ज्या मंडळीला हे जमत नाही तिनं त्यांना त्यागाबद्दल सांगू नये. माझं मत बदललेलं नाही, पण तुमच्या मुलाला घराबाहेर काढणाऱ्यांच्या बाजूला मला कुणी मोजू नये.

---

तिसरा बाक

मी ४१ वर्षांचा आहे, गे आहे, विश्वासी आहे. इथं येऊ की नको असं करत होतो, कारण आपल्याबद्दलची चर्चा आपण खोलीत नसल्यासारखी ऐकणं फार दमवतं. पण ताईंच्या वहीतल्या लाल शाईनं मला बसू दिलं नाही.

विशीत मी सहा वर्षं "बदलण्याचा" प्रयत्न केला. उपास, समुपदेशन, माझ्या डोक्यावर हात ठेवून रडणारी माणसं. ती वाईट नव्हती. दर वेळी मी खोटी साक्ष द्यायचो, की आता बरं वाटतंय, कारण त्यांना निराश करायची हिंमत नव्हती. या कामाची सगळ्यात मोठी संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ मध्ये बंद झाली. बंद करताना तिच्या प्रमुखांनी लोकांना झालेल्या इजेबद्दल जाहीर माफी मागितली. मी ती माफी तीनदा वाचली. कुणीतरी आपलं नाव घेतल्यासारखं वाटलं.

काकांच्या ग्रीकचा मला उपयोग झाला. पण मी देवापाशी राहिलो तो यशया ५६ मुळं. जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक २३:१ मध्ये सांगतं की षंढानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. स्पष्ट शब्दांत, पळवाट नाही. आणि यशया ५६ मध्ये तोच परमेश्वर त्याच माणसाला म्हणतो, "मी वाळलेलं झाड आहे" असं म्हणू नकोस, माझ्या घरात तुला मुलाबाळांपेक्षा चांगलं नाव देईन. मग प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूश देशाचा एक षंढ रथात बसून यशयाच वाचत असतो. वाचतो तो ५३ वा अध्याय. तीन अध्याय पुढं त्याच्यासाठी काय लिहिलंय ते त्यानं पाहिलं असेल का, याचा मी फार विचार केलाय. पाणी दिसल्यावर तो त्याला वचन समजावणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प अनुवादातला नियम सांगत बसत नाही. तो त्याच्याबरोबर पाण्यात उतरतो.

मला ठाऊक आहे, षंढ आणि गे एक नाही. यावरून लग्नाचा प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. मार्थाच्या बहिणीशी माझं पटणार नाही, पण उशाशी कोण बसतं हे तिनं विचारलं. मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

ताई, अभ्यास संपेपर्यंत मुलाला थांबवून ठेवू नका. त्याला तुमचा निष्कर्ष आत्ता नकोय. वर्गात जे बोलला होतात तेवढ्याबद्दल बोला. फक्त तेवढ्याबद्दल.

---

रविवारच्या वर्गातली ताई

सगळ्यांची उत्तरं दोनदा वाचली. काकांचं चारदा.

काल मुलाला फोन केला. तिसऱ्या बाकावरच्या दादांनी सांगितलं तसंच केलं. रोम नाही, करिंथ नाही. म्हटलं, "त्या दिवशी मी वर्गात जे सांगितलं ते त्या अध्यायात लिहिलेलंच नाही. मी नीट न वाचता शिकवलं, आणि तू समोर बसला होतास. माझं चुकलं." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी मी तुला एक प्रश्न विचारला होता. आठवतं का?" मला आठवत नव्हतं. त्यानं विचारलं होतं, "सदोममध्ये माझ्याएवढी मुलं पण होती का?" आणि मी म्हणाले होते, "पुढचं चित्र बघ."

लाल शाई त्या प्रश्नाची आहे हे मला काल कळलं.

लग्नाबद्दल, आशीर्वादाबद्दल माझं अजून काही ठरलेलं नाही. काका आणि मार्थाची बहीण दोघांचंही वाचून मी मधेच उभी आहे. मुलाला हे सांगितलंय. तो म्हणाला, "चालेल. तू वाचतेयस ना." घरी केव्हा येणार ते मात्र सांगितलं नाही.

आता वर्गाचं. पुढच्या महिन्यात १९ वा अध्याय पुन्हा माझ्याकडं येतोय. चित्रांचे कागद काढून ठेवलेत. या वेळी अध्याय सलग वाचून घेणार आहे आणि लगेच यहेज्केल १६:४९. पाळकांना आधी सांगेन, लपवून करणार नाही. वर्ग काढून घेतला तर घेतला. अडचण एकच आहे. लोटानं मुली पुढं केल्या ती ओळ आता गाळायची नाही असं ठरवलंय, आणि वर्गात यंदा सात मुली आहेत, सगळ्या अकरा-बारा वर्षांच्या. त्यांच्यासमोर ती ओळ वाचून मग काय बोलावं, हे कुणी केलं असेल तर सांगा.